'लाव' म्हणजे काय?

दोन वर्षांच्या नातीला आजी दिवसभरात काय काय सांगते? दार लाव. पंखा लाव. तोंडाला पावडर लाव. बाहुलीला टिकली लाव. आईला फोन लाव. नात यातलं बहुतेक सगळं बरोबर करते. दाराला टिकली चिकटवत नाही, पंख्याला पावडर चोपडत नाही. त्याच घरात आई कुकर लावते, बाबा गाडी सावलीत लावतात, तिन्हीसांजेला आजी देवापाशी दिवा लावते आणि दादा कुणाच्या तरी वहीची वाट लावतो. या सगळ्या 'लाव'चा मिळून अर्थ काय, असं आजीला विचारलं तर तिला सांगता येणार नाही. शब्दकोशाला तो सांगायला मोठा रकाना लागतो. नातीला मात्र तो कुणी न सांगता कळत चालला आहे.

मूल पहिला शब्द साधारण वर्षाच्या आगेमागे बोलतं. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवर झालेल्या अभ्यासांचा अंदाज असा, की सहा वर्षांच्या मुलाला दहा हजारांच्या आसपास शब्द समजतात. म्हणजे पाच वर्षं, सुट्टी न घेता, रोज पाच-सहा नवे शब्द. एवढे शब्द कुणी शिकवायला बसत नाही. मग ते येतात कुठून? या प्रश्नावर तत्त्वज्ञ, मानसशास्त्रज्ञ, भाषावैज्ञानिक आणि आता संगणकवालेही भांडत आले आहेत. त्या भांडणाचा हा आढावा. मला त्यातून दिसतं ते असं, की माणसं एकमेकांशी काय करू पाहताहेत हे मूल आधी ताडतं आणि शब्दाचा अर्थ त्या ताडण्यातून त्याच्या हाती लागतो. बाकीच्या युक्त्या खऱ्या आहेत, पण त्या याच्या आधाराने चालतात.

बोटाची अडचण

सर्वांत सोपं उत्तर म्हणजे बोट. मोठ्यांनी वस्तूकडे बोट दाखवायचं, नाव उच्चारायचं, मुलाने जोडी लक्षात ठेवायची. संत ऑगस्टीनने इ. स. ४००च्या सुमारास लिहिलेल्या आत्मकथनात आपण बोलायला कसे शिकलो याचं वर्णन साधारण असंच केलं आहे. तत्त्वज्ञ विट्गेन्स्टाइनच्या १९५३ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाची सुरुवातच त्या वर्णनाने होते, आणि पुढे तो ते उसवत नेतो. बोट दाखवलं तरी ते रंगाकडे, आकाराकडे, संख्येकडे की वस्तूकडे, हे बोट सांगत नाही. विलर्ड क्वाइन या तत्त्वज्ञाने १९६०मध्ये हीच अडचण गोष्टीसारखी मांडली. परक्या प्रदेशात ससा पळताना दिसतो आणि तिथला माणूस 'गवागाय' म्हणतो. हे सशाचं नाव, सशाच्या एखाद्या अवयवाचं, की ससा दिसण्याच्या त्या क्षणाचं? नुसत्या पुराव्यावरून ठरवता येत नाही.

आपल्याकडच्या मीमांसकांनी, म्हणजे वाक्याच्या अर्थाची चिकित्सा करणाऱ्या जुन्या दार्शनिकांनी, हा प्रश्न वेगळ्या टोकाने धरला होता. त्यांच्या दृष्टान्तात बोट नाहीच. एक जाणता माणूस दुसऱ्या मोठ्या माणसाला म्हणतो, गाय आण. तो गाय आणतो. जवळ बसलेलं मूल ऐकतं, बघतं. मग ऐकू येतं, गाय बांध. नंतर, घोडा आण. वाक्यातला एक शब्द बदलला की कामातला एक भाग बदलतो. एक शब्द घालणं आणि एक काढणं, म्हणजे आवाप आणि उद्वाप, यांतून मूल अर्थ वेगळे करतं. या रीतीचं नाव वृद्धव्यवहार. इथे वृद्ध म्हणजे म्हातारे नव्हेत, भाषा जाणणारे. याच दृष्टान्तावरून प्रभाकर आणि कुमारिल यांच्या परंपरा वेगळ्या वाटांनी गेल्या. शब्दाचा अर्थ वाक्यात जोडलेलाच कळतो, असं प्रभाकराचं मत. शब्दांचे अर्थ आधी सुटे कळतात आणि मग जोडले जातात, असं कुमारिलाचं. 'लाव' डोळ्यांसमोर ठेवला तर पारडं प्रभाकराकडे झुकतं. सुटा 'लाव' कुणी कधी पाहिला आहे?

या दृष्टान्तात कुणी मुलाला शिकवत नाही, कुणी त्याच्याशी बोलतही नाही. मूल फक्त कामाच्या जवळ आहे. हा धागा पुढे लागणार आहे.

शब्दाआधीचा संवाद

पहिला शब्द तोंडातून निघण्याआधी पुष्कळ काही होऊन गेलेलं असतं. १९७५मध्ये स्काइफ आणि ब्रूनर यांनी दाखवलं, की समोरच्या माणसाने मान वळवली तर तान्ही मुलंही त्या दिशेला बघू लागतात, आणि वर्षाच्या सुमारास बहुतेक मुलं तसं करतात. जेरोम ब्रूनरने पुढे आई-मुलाच्या ठरावीक खेळांचा माग काढला. पदराआड तोंड लपवून 'कुऽक' करणं, वस्तू देणं-घेणं, चित्रांचं पुस्तक उलटणं. या खेळांत पाळी ठरलेली असते, पुढे काय होणार हे मुलाला ठाऊक असतं. म्हणून त्या ठरलेल्या जागी आलेला शब्द त्याला नीट ऐकू येतो.

दहाव्या-बाराव्या महिन्यात बोट येतं. एलिझाबेथ बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे दोन प्रकार वेगळे केले. एक 'ते दे' म्हणणारं बोट, दुसरं 'ते बघ' म्हणणारं. दुसऱ्यातून मुलाला काही मिळवायचं नसतं. आपण पाहिलेलं दुसऱ्यानेही पाहावं, एवढीच ओढ. मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्कीचं म्हणणं असं, की बोटाचा जन्मच दोघांमध्ये होतो. मूल लांबच्या वस्तूसाठी हात पुढे करतं, तो पोहोचत नाही, आई त्याला खूण समजून वस्तू देते, आणि फसलेली धडपड हळूहळू खूण होते. अर्थ आधी आईने लावला, मग तो मुलाचा झाला.

समज तर बोटाच्याही आधी सुरू होते. एलिका बर्गेलसन आणि डॅनियल स्विंगली यांच्या २०१२च्या अभ्यासात सहा ते नऊ महिन्यांची मुलं आईने खाण्याच्या पदार्थाचं किंवा शरीराच्या अवयवाचं नाव घेतलं की त्या चित्राकडे जास्त वेळ बघत होती. पहिले शब्द जेवणाचे आणि अंघोळीचे असावेत यात नवल नाही. दिवसातून पुन्हा पुन्हा, त्याच माणसांबरोबर होणारी हीच तर कामं.

काय म्हणायचंय तिला?

खरी परीक्षा तेव्हा होते, जेव्हा कान एक सांगतो आणि डोळा दुसरं. डेअर बाल्डविन यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती घेतली. मुलाच्या हातात एक नवं खेळणं आहे, ते त्यात रमलं आहे. बाई आपल्या डब्यात वाकून पाहत, तिथल्या दुसऱ्या खेळण्याला उद्देशून एक बनावट नाव घेतात. शब्द कानावर पडला तेव्हा मूल स्वतःचं खेळणं बघत होतं. नुसती जोडी जमायची असती तर ते नाव हातातल्या खेळण्याला चिकटलं असतं. दीड वर्षाच्या मुलांनी तसं केलं नाही. त्यांनी मान वर करून बाई कुठे बघताहेत ते पाहिलं आणि नाव डब्यातल्या खेळण्याला दिलं.

मायकेल टोमासेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नजरेचा आधारही काढून घेतला. 'चल, टोमा शोधू या,' म्हणत बाई एकेक डबा उघडतात. हाती आलेल्या वस्तूवर तोंड वाकडं करून ती परत ठेवतात, आणि एक वस्तू सापडताच चेहरा उजळतो. दोन वर्षांच्या मुलांच्या लेखी टोमा म्हणजे पहिली दिसलेली वस्तू नव्हती, आनंद देणारी होती. क्रियापदांचंही तसंच. बाईंनी सांगितलेली क्रिया एकदा चुकून झाली, त्यांनी 'अगंबाई!' म्हणावं तसा उद्गार काढला. एकदा ठरवून झाली, त्या समाधानाने थांबल्या. मुलांनी शब्द ठरवून केलेल्या क्रियेला जोडला. हातून सांडणं आणि ओतणं यांतला फरक चेहऱ्यावर असतो.

सुझन केरी आणि एल्सा बार्टलेट यांचा १९७८चा प्रयोग मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो बालवाडीतल्या साध्या कामात बेतला होता. बाई सहज सांगतात, तो क्रोमियम ट्रे आण, लाल नको, क्रोमियम. ट्रे दोनच. दुसरा काळपट हिरव्या छटेचा. तीन-चार वर्षांची मुलं तो घेऊन आली, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना काही दिवसांनीही हा रंगाचा शब्द आहे एवढं तरी लक्षात होतं. गाय आण, घोडा आण. मीमांसकांचा दृष्टान्त अमेरिकेतल्या बालवाडीत पोहोचला होता, त्याचं नाव तिथे कुणाला ठाऊक नसताना.

मुलं बोलणाऱ्याला पारखतातही. केनिग आणि हॅरिस यांच्या प्रयोगांत एक माणूस ओळखीच्या वस्तूंची नावं बरोबर सांगतो, दुसरा चुकतो. मग अनोळखी वस्तू पुढे येते. चार वर्षांच्या मुलांनी आधी बरोबर ठरलेल्याचाच शब्द घेतला. न्यायदर्शनातला आप्त, म्हणजे ज्याच्या बोलण्यावर विसंबावं तो, या वयात निवडला जातो.

दुसरी बाजू

हे सगळं मन वाचणं मानायलाच हवं का? या शंकेमागेही भक्कम काम आहे.

पहिला पक्ष म्हणतो, मूल काही पूर्वग्रह घेऊन येतं. नवा शब्द अख्ख्या वस्तूचा असणार, तिच्या तुकड्याचा नव्हे. एलन मार्कमन यांनी आणखी एक दाखवला: एका वस्तूला एकच नाव. समोर चमचा आणि एक अनोळखी अवजार असेल आणि शब्द नवा असेल, तर तो अवजाराचाच. लांडाऊ, स्मिथ आणि जोन्स यांच्या १९८८च्या अभ्यासात मुलं नवं नाव लहानमोठेपणाने किंवा पोताने नाही, आकाराने पुढे नेताना दिसली.

दुसरा पक्ष आकडेमोडीचा. लिंडा स्मिथ आणि चेन यू यांनी २००८मध्ये वर्षाच्या मुलांना एकेका वेळी दोन चित्रं आणि दोन शब्द दिले. कुठला कुणाचा, हे एका वेळेत कळणं अशक्य. पुष्कळ वेळांची गोळाबेरीज करून मुलांनी ते शोधलं. त्याआधी १९९८मध्ये सॅम्युएलसन आणि स्मिथ यांनी टोमासेलोंच्या गटाच्या एका प्रयोगाचा निकाल मनाचा उल्लेख न करता, लक्ष आणि स्मरण एवढ्यावरच येतो असं दाखवलं होतं. उलट लीला ग्लाइटमन आणि सहकाऱ्यांना मोठ्यांवरच्या प्रयोगांत असं आढळलं, की शिकणारा गोळाबेरीज ठेवत नाही. तो एक अंदाज बांधतो, फसला तर टाकतो.

२०२४मध्ये यात संगणक उतरला. ऑस्ट्रेलियातल्या एका बाळाच्या डोक्यावर सहाव्या महिन्यापासून पंचविसाव्या महिन्यापर्यंत अधूनमधून कॅमेरा लावला होता. त्यातल्या सुमारे ६१ तासांच्या चित्रणावर शिकवलेल्या संगणकाला, कुणाच्या मनाचा विचार न करता, अनेक वस्तूंची नावं ओळखता आली. निकाल महत्त्वाचा आहे. पण ती नावं चेंडू, गाडी, खुर्ची अशा जातीची आहेत. चित्रात 'लाव' कुठे दाखवणार? शिवाय आईने ते शब्द बाळाच्या लक्षाचा अंदाज घेऊनच उच्चारले असणार. पुराव्यातच माणसाची जाण मुरलेली आहे.

तिसरा पक्ष वाक्यरचनेचा. रॉजर ब्राऊन यांनी १९५७मध्ये मुलांना एक चित्र दाखवलं. एका भांड्यातल्या पदार्थात हात काही मळताहेत. एकच बनावट शब्द त्यांनी कधी क्रियापदासारखा, कधी वस्तूच्या नावासारखा, कधी पदार्थाच्या नावासारखा विचारला. मुलांनी त्या त्या वेळी क्रियेकडे, भांड्याकडे किंवा पदार्थाकडे बोट केलं. शब्द वाक्यात कुठे बसला, यावरूनच त्याचा अर्धा अर्थ कळतो. प्रभाकराला हे आवडलं असतं.

न दिसणारे अर्थ

या पक्षांची कसोटी लागते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या अर्थांवर. बार्बरा लांडाऊ आणि लीला ग्लाइटमन यांनी १९८५च्या पुस्तकात एका जन्मांध मुलीचा अभ्यास मांडला. 'बघ' म्हटल्यावर ती हाताने वस्तू चाचपायची. डोळस मुलांना डोळ्यांवर पट्टी बांधून 'वर बघ' म्हटलं तर ती मान वर करतात. ही मुलगी हात वर करायची. 'हात लाव' आणि 'बघ' यांत मात्र तिने गल्लत केली नाही. एक नुसता स्पर्श, दुसरं जाणून घेणं. दृष्टी नसताना 'बघणं' तिला मिळालं, कारण माणसं तो शब्द कशासाठी वापरतात हे तिला कळत होतं.

जग कुठे तोडायचं, हेही वापरणारेच ठरवतात. मेलिसा बाउअरमन आणि सूंजा चोई यांनी दाखवलं, की कोरियन मुलं फार लवकर घट्ट बसणं आणि सैल ठेवणं यांना वेगळी क्रियापदं लावतात, तर त्याच वयाची इंग्रजी बोलणारी मुलं 'आत' आणि 'वर' असा भेद करतात. आपल्याला याचं आश्चर्य वाटू नये. मराठीत टोपी घालतात, साडी नेसतात, गजरा माळतात, शाल पांघरतात. अंगावर काहीतरी चढलं, एवढंच दिसत असताना मूल चार शब्द वेगळे ठेवायला शिकतं. 'परवा' मागचाही असतो आणि पुढचाही, तरी काम अडत नाही. 'आपण जाऊ' म्हटलं तर मी त्यात आहे, 'आम्ही जाऊ' म्हटलं तर घरी राहायचं आहे, हा फरक रडत रडत का होईना पण पक्का कळतो. आई 'आली' आणि आजोबा 'आले', यातला आदर कुठल्याही कॅमेऱ्यात टिपता यायचा नाही.

नात्यांची गंमत याहून मोठी. मुलासमोर बाई स्वतःच्या आईला 'आजी' म्हणते, नवऱ्याच्या बहिणीचा उल्लेख 'आत्या' असा करते. सगळं घर मुलाच्या जागी उभं राहून बोलतं. पुढे कधीतरी मुलाला कळतं, की आपली आत्या शेजारच्या चिंगीची आत्या नाही. तिथे शब्दाचा अर्थ माणसाला चिकटलेला नसून दोघांमधल्या जागेचा आहे, हे त्याला उमगतं.

घरोघरच्या तऱ्हा

मम, भूर, जोजो, माऊ, भूभू. बाळबोलीच्या शास्त्रीय अभ्यासात मराठीला मानाचं पान आहे. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९६४मध्ये सहा भाषांतल्या बाळबोलींची तुलना केली, त्यांतली एक मराठी होती. त्याच वर्षी अशोक केळकर यांचा मराठी बाळबोलीवरचा स्वतंत्र लेख आला. मौज अशी, की चार्ल्स डार्विनने १८७७मध्ये आपल्या मुलाच्या वाढीची टिपणं छापली, त्यात वर्षाच्या बाळाने खाण्यासाठी 'मम' हा शब्द स्वतः घडवल्याचं लिहिलं आहे. आपल्या घरांत तोच ध्वनी मोठी माणसं तयार देतात. शब्द कुणी आणला हा प्रश्न मग गौण ठरतो. 'मम' म्हटल्यावर घास मिळाला, म्हणून तो शब्द झाला.

पण बाळाशी असं बोलणं जगभर सारखं नाही. बाम्बी शीफलिन यांनी पापुआ न्यू गिनीतल्या कालुली लोकांत, तर एलिनॉर ऑक्स यांनी सामोआत पाहिलं, की तान्ह्याला बोलण्याचा जोडीदार समजत नाहीत. कालुली आई बाळाला इतरांच्या तोंडासमोर धरते आणि त्याच्या वतीने बोलते. मेक्सिकोतल्या त्सेल्ताल माया वस्तीत मरिसा कासियास आणि सहकाऱ्यांच्या मोजणीत लहान मुलांशी थेट बोलणं तासाला चार मिनिटांहूनही कमी भरलं. तरी बोलण्याचे टप्पे ती मुलं वेळेवर गाठतात. उलट मेक्सिकोतल्याच युकातेक माया मुलांच्या अभ्यासात पुढच्या शब्दसंग्रहाशी नातं दिसलं ते थेट बोलण्याचं, नुसतं कानावर पडलेल्याचं नाही. नमीरा अख्तर यांनी २००१मध्ये दाखवलं होतं, की दोन वर्षांची मुलं दुसऱ्यांचं बोलणं ऐकूनही शब्द उचलतात. हा गुंता अजून सुटलेला नाही. मला वाटतं, 'थेट' आणि 'कानावर' हे दोनच कप्पे अपुरे आहेत. कामाच्या जवळ, लक्ष लावून बसलेलं मूल यांच्या मधे आहे. मीमांसकांचं मूल तिथेच होतं.

याच प्रश्नाला धोरणाचं टोक आलं ते अमेरिकेत. हार्ट आणि रिस्ली यांनी १९९५मध्ये ४२ कुटुंबांच्या नोंदींवरून मांडलं, की गरीब घरांतली मुलं ऐकलेल्या शब्दांत शाळेआधीच तीन कोटींनी मागे पडतात. आकडा गाजला. २०१९मध्ये स्पेरी आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या वस्त्यांत मोजलं तेव्हा एवढी दरी आढळली नाही, आणि घरातल्या इतरांचं बोलणं धरलं तर चित्र आणखी बदललं. २०१८मध्ये रेचेल रोमिओ आणि सहकाऱ्यांना मुलांच्या मेंदूतल्या भाषेच्या कामाशी जोडलेली आढळली ती संवादातली देवाणघेवाण. किती शब्द कानावर पडले, यापेक्षा तुझं-माझं किती वेळा झालं हे महत्त्वाचं ठरलं.

पडद्यापलीकडची आजी

पॅट्रिशिया कूल यांनी २००३मध्ये अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना मँडरिन ऐकवली. समोर माणूस बसला तेव्हा बाळांनी त्या भाषेचे ध्वनी पकडले. तोच माणूस चित्रफितीत दाखवला तेव्हा ती काही शिकली नाहीत. पुढे रोझबेरी, हर्ष-पासेक आणि गॉलिंकॉफ यांनी २०१४मध्ये नवी क्रियापदं शिकवून पाहिली. आधी तयार केलेल्या चित्रफितीतून दोन-अडीच वर्षांची मुलं शिकली नाहीत, पण व्हिडिओ कॉलवरून शिकली. पडदा तोच. फरक एवढाच, की पलीकडचा माणूस मुलाला उत्तर देत होता.

न्यू जर्सीतल्या नातवाशी पुण्यातून बोलणाऱ्या आजीला यात धीर आहे. तिने फळांची नावं घोकून घेण्याऐवजी 'तो डबा दाखव, आता झाकण लाव, लागलं का?' असं बोलत राहावं. मेळघाटातल्या अंगणवाडीत कोरकू बोलणारं मूल मराठी तक्त्यासमोर बसतं, तिथेही मुद्दा हाच. तक्त्यावरचं चित्र बोटाइतकंच मुकं असतं. पाणी भरणं, खिचडी वाढणं, हात धुणं यांत मराठी शब्द आला तर त्याला धरायला काम असतं.

मूल चुकतं तेव्हाही कुणी त्याला शिकवायला बसत नाही. ईव्ह क्लार्क आणि मिशेल शुइनार यांना आढळलं, की मोठी माणसं मुलाचं चुकलेलं वाक्य बहुधा दुरुस्त करून पुन्हा म्हणतात, जणू 'हेच म्हणायचं होतं ना?' असं विचारतात, आणि बोलणं पुढे जातं. श्रावणातल्या अंधारलेल्या दुपारी एखादी चिमुरडी खिडकीशी उभी राहून म्हणेल, 'आई, ऊन लाव ना.' पंखा लावतात, दिवा लावतात, मग ऊन का नाही? तिचा हिशेब चोख आहे. आई हसून म्हणेल, 'ऊन पडावं लागतं गं, ते आपल्याला नाही लावता येत. चल, आपण दिवा लावू या.'